तुळशीबाबांची डबल बेल

तुळशीबाबांना बसलेलं मी फार कमी वेळा पाहिलं. चहासुद्धा ते उभ्यानं घ्यायचे, दाराच्या चौकटीला खांदा टेकून, एक पाय उंबऱ्याच्या आत आणि एक बाहेर. खुर्ची पुढे केली तर म्हणायचे, ती पॅसेंजरांना. उभी हयात सरकारी बसमध्ये कंडक्टर म्हणून काढलेली, त्यामुळे जगात माणसांच्या दोनच जाती: बसणारे पॅसेंजर आणि उभा राहणारा तो.

डिचोलीच्या बँकेत माझी बदली झाली तेव्हा बाजारापासून चढावर असलेल्या वरच्या वाड्यात, म्हणजे वस्तीत, त्यांच्या घराच्या मागल्या दोन खोल्या मी भाड्यानं घेतल्या. मी सावंतवाडीची म्हटल्यावर भाडं बाजूला ठेवून त्यांनी मला विचारलं, सावंतवाडीच्या स्टँडवर पणजीची गाडी कुठल्या फलाटाला लागते? मला सांगता आलं नाही. अशा बाईला खोली द्यावी का, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटला. तेवढ्यात आतून त्यांच्या बायकोचा, शालनवयनींचा आवाज आला, की तिला चावी द्या आणि जेवायला बसवा, फलाट उद्या विचारा. त्या घरातले बहुतेक निर्णय असे स्वयंपाकघरातून बाहेर यायचे.

दर रविवारी सकाळी तुळशीबाब लोकांना वाडा दाखवायचे. म्हणजे आजकाल ज्याला हेरिटेज वॉक म्हणतात ते. हा शब्द त्यांना पसंत नव्हता. ते म्हणायचे 'ट्रिप'. आयताराची ट्रिप. पिंपळाच्या पारावर माणसं जमायची: पणजी-म्हापशाची कुटुंबं, वास्तुशास्त्राची मुलं, कधी मोरजीला उतरलेले, भाड्याच्या स्कूटरवर वाट चुकत आलेले परदेशी. तिकीट नव्हतं, पण तिकिटाला भोक पाडायचा पंच होता. निवृत्त होताना परत करायचा राहून गेला असं ते सांगायचे, आणि सांगताना त्यांना जराही लाज वाटायची नाही. त्या पंचानं ते दगडावर, गेटवर, खांबावर, जे समोर येईल त्यावर ठोकायचे. एक टक म्हणजे थांबा. दोन टक म्हणजे निघा. डबल बेल झाल्याशिवाय त्यांच्या ट्रिपमधला माणूस पाऊल उचलायचा नाही, मग तो कुठल्या कॉलेजचा प्राचार्य असो.

"चला, फुडें सरा. दारात गर्दी करू नकात. मागें जागा आसा."

उघड्या रस्त्यावर हे ऐकताना लोक पहिल्यांदा हसायचे. दुसऱ्या थांब्यापर्यंत मुकाट्यानं पुढे सरकू लागायचे.

थांबे ठरलेले होते. पहिला, शिंपल्यांच्या खिडकीचं घर. काचेऐवजी पातळ शिंपल्यांचे चौकोनी तुकडे बसवलेली जुनी खिडकी. आत उभं राहिलं की उजेड दुधासारखा दिसतो. दुसरा, बल्कांव असलेलं घर: दारापुढे खांबांवरचं छोटं छप्पर आणि दोन्ही बाजूंना बसायला सिमेंटचे सोपे. तिसरा, समया घडवणाऱ्यांची पडवी. मग निळं तुळशीवृंदावन, पोदेराची, म्हणजे पाव भाजणाऱ्याची, जुनी भट्टी, आणि शेवटी सातेरीदेवीच्या देवळाची कावीची भिंत. मधल्या रस्त्यावर खाणीच्या ट्रकांची तांबडी धूळ. ट्रक आला की एक टक, धूळ खाली बसली की दोन.

त्यांच्या माहितीबद्दल मात्र मी जबाबदारी घेणार नाही. तुळशीबाब जे सांगायचे त्यातलं निम्मं त्यांनी ऐकलेलं होतं, आणि उरलेलं निम्मं त्या दिवशीच्या गर्दीवर अवलंबून असायचं. माणसं कमी असली तर घरं शंभर वर्षांची, जास्त असली तर तीनशे. बल्कांवाच्या खांबांवर तर त्यांचा फार जीव. हे खांब तीनशे वर्षांचे, राजाच्या गलबतातून आले, असं ते खांबाला थोपटत सांगायचे. एकदा एक प्राध्यापक आले होते. त्यांनी खांबाला नख लावलं आणि शांतपणे सांगितलं, की हे सिमेंट आहे, साठ वर्षांपलीकडे जात नाही. मला वाटलं, आता तुळशीबाबांचं तोंड पडणार. ते प्रसन्न झाले. पुढच्या रविवारपासून त्याच खांबाला थोपटत ते सांगू लागले, "हो खांब तीनशें वर्सांचो. पूण एक प्रोफेसर म्हणता, साठ. दोनूय तुमचेकडेन दिलीं, तुमकां बरें दिसता तें घेया." असे पाठभेद त्यांच्याकडे प्रत्येक थांब्यावर साठत गेले. कोणी काही दुरुस्त केलं की ते आनंदानं जोडून घ्यायचे, पण स्वतःचं मागे घ्यायचे नाहीत. चालत्या गाडीत एकदा चढलेल्याला खाली कसं उतरवायचं, असं म्हणायचे.

कावीच्या भिंतीपुढे मात्र त्यांचा आवाज खाली यायचा. देवळाच्या प्रदक्षिणेच्या वाटेवरची ती लांब भिंत. पांढऱ्या चुन्यावर तांबडी काव चढवायची, आणि ती ओली असतानाच बारीक हत्यारानं खरवडून चित्रं काढायची. तांबड्यात पांढरं उमलून येतं. हत्तींची ओळ आहे, वेलींत गुंतलेले मोर आहेत, एक वाघ आहे. वाघाबद्दल ते म्हणायचे, चितारी बिचाऱ्यानं वाघ बघितलेला नसावा, घरचं मांजर बघून भागवलंय. आणि अगदी कोपऱ्यात दाराच्या चौकटीत हातात दिवा घेऊन उभी असलेली एक बाई. ही राणी, राजाला ओवाळायला उभी आहे, असं ते सांगायचे. तिथे ट्रिप संपायची.

आता ही भिंत आणि तुळशीबाब यांची गाठ कशी पडली, ते सांगायला हवं. मी वाड्यात येण्याआधीची ही गोष्ट, पण ती मला इतक्या जणांनी सांगितली आहे की मी तिथे होते असं वाटतं.

तुळशीबाब नुकतेच निवृत्त झाले होते. आसपासच्या देवळांना संगमरवर लागला होता, तेव्हा आपल्याही देवीला लागावा असं देवस्थान कमिटीच्या मनात आलं. कावीची भिंत खरवडून तिथे गुळगुळीत फरशी बसणार होती. वाड्यात कोणालाच त्यात वावगं दिसलं नाही, एका तुळशीबाबांखेरीज. लहानपणी याच भिंतीला पाठ लावून ते उत्सवात झोपी जायचे, आणि सकाळी सदऱ्यावर तांबडा हत्ती उमटलेला असायचा, एवढंच त्यांचं तिच्याशी नातं. पण ते हटून बसले. वाद वाढला तेव्हा आपल्याकडे जे करतात तेच केलं: देवीला कौल लावला. देवीच्या मूर्तीवर उजव्या-डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गुरवानं सगळ्यांच्या वतीनं गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. त्यापुढे अपील नाही.

गुरवानं रीतीप्रमाणे विचारलं, भिंत राखली तर तिची राखण कोण करणार? आणि तुळशीबाब भरात बोलून गेले, की मी करीन. ही भिंत उभी आहे तोपर्यंत दर आयतारी माणसं आणून तिला दाखवीन आणि हा वाडा सोडून दुसरीकडे एक रात्र काढणार नाही. गुरवानं ते शब्द जसेच्या तसे गाऱ्हाण्यात घातले. गाऱ्हाणं संपायच्या आत उजवी पाकळी पडली. बोलाफुलाला गाठ पडली, असं मी म्हणते. वाडा म्हणतो, देवीनं ऐकलं.

भिंत वाचली. कमिटीनं संगमरवर पायऱ्यांना लावला आणि पावसाळ्यात दोघेजण त्यावरून घसरले, ते वेगळं. पण घरी जाताना म्हाताऱ्या गुरवानं तुळशीबाबांना बाजूला घेतलं आणि कपाळावर हात मारला. देवीला शब्द देताना आपल्याकडे मुदत घालतात. पाच वर्षं, बारा वर्षं, थोरला मुलगा कर्ता होईतो, काहीतरी. बिनमुदतीचं उतर, म्हणजे वचन, कोणी देत नाही. तान्ह्या पोरालाही ते ठाऊक असतं. जन्मभर लोकांना 'परतीचं काढलंत का' असं विचारणाऱ्या माणसानं स्वतः मात्र परतीचं काढलं नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तेव्हा त्यांना काही वाटलं नाही. आणि शालनवयनींना तर, मला त्यांनीच सांगितलं, आतल्या आत आनंद झाला. त्यांचं सगळं लग्न नाईट हॉल्टमध्ये गेलं होतं. शेवटची गाडी घेऊन नवरा पेडण्याला जायचा, नाहीतर वास्कोला, आणि तिथेच गाडीत झोपून पहाटेची पहिली घेऊन यायचा. त्या एकट्या दार लावून पडायच्या. मुलगा दामू तापानं फणफणलेला असताना, सासू गेली तेव्हा, घरावर माड पडला त्या पावसात, दर वेळी तुळशीबाब दुसऱ्या टोकाला. आता हा माणूस देवीच्या साक्षीनं रोज रात्री घरी झोपणार होता. गुरवानं कपाळाला हात लावला त्या संध्याकाळी शालनवयनींनी खीर केली.

बरीच वर्षं तसं सुखात गेलं. मी आले ती त्या सुखाच्या शेवटाला. रविवारी ट्रिप संपवून तुळशीबाब घरी यायचे तेव्हा मागल्या दारापर्यंत बांगड्याच्या हुमणाचा वास येत असायचा. शालनवयनी स्वतः एकदाही ट्रिपला गेल्या नव्हत्या. आयतारी मासळी कोण करणार, आणि त्याच वाड्यात चाळीस वर्षं पाणी भरलेल्या बाईला वाडा काय दाखवणार, असं त्या म्हणायच्या.

मग एका सकाळी विहिरीवर त्यांची कळशी पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ त्या. डावी बाजू गेली. इस्पितळातून जीव घेऊन बाहेर आल्या, पण उचलून बसवायला, कूस बदलायला दोन माणसं लागत होती, आणि जीभ जड झाली होती. तुळशीबाबांचे स्वतःचे गुडघे कुरकुरत होते. दामू वास्कोला बंदरात नोकरीला. त्याच्या इमारतीला लिफ्ट, सून मायेची, व्यायाम करून घेणारी बाई शेजारच्याच गल्लीत. त्यानं आईला नेलं, हे योग्यच केलं. बाबांनाही चला म्हणाला. खोली त्यानं दोघांसाठी लावली होती.

तुळशीबाब गेले आणि संध्याकाळी परत आले.

तेव्हापासून एक दिवसाआड हेच. पहाटे उठून पहिली बस, पणजीला बदलायची, दुपारच्या आत वास्को. तास-दीड तास बायकोपाशी, की परत. अंधार पडताना वाड्याच्या चढावर त्यांची छत्री दिसायची. आख्खा प्रवास ते उभ्यानं करायचे, सीट रिकामी असली तरी. नव्या पोरगेल्या कंडक्टरांना दारापाशी उभा असलेला हा म्हातारा अडचण वाटायचा. पुढे सरा, आजोबा, मागे जागा आहे, असं त्यांना एकदा कोणी म्हणालं, हे त्यांनी मला हसत सांगितलं. मला हसू आलं नाही.

एका सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर वास्कोला गेले. शालनवयनी खिडकीपाशी पलंगावर होत्या. खिडकीतून बंदराच्या क्रेन दिसत होत्या. त्यांनी मला ओळखलं, हात धरला, मागल्या खोलीचे नळे, म्हणजे छपराची कौलं, गळतात का ते विचारलं. बोलणं सावकाश, एकेक शब्द वर ओढून काढल्यासारखं. तुळशीबाब दारात उभे, एक पाय आत, एक बाहेर. डोळे भिंतीवरच्या घड्याळाकडे.

"बसा," त्या म्हणाल्या.

"बस चुकतली."

त्यांनी क्रेनकडे मान वळवली. मग म्हणाल्या, "देवीक उतर दिलां, तें तुमच्या बरें ध्यानात आसा. लग्नात माका कितें दिल्लें, तें आसा?"

तुळशीबाब आत आले, वयनींच्या पायावरची चादर ओढली, ती आधीच नीट होती, आणि पिशवी उचलली. परतीच्या बसमध्ये ते माझ्या शेजारी बसले. पणजीपर्यंत बसूनच होते. मी खिडकीबाहेर तोंड केलं.

त्या संध्याकाळी चढ चढताना मी त्यांच्यावर चिडले. माझा स्वभाव तसा गप्प बसणारा नाही. मी म्हटलं, "तुळशीबाब, तुमी सरळ जावन रवा थय. देवी काय तुमच्या मागसून बशीत चढान येतली?"

ते थांबले. धापही लागली होती. "बाय," म्हणाले, "ती येवची ना. म्हणूनच. चेकर चढता म्हणून जो तिकीट फाडता, तो कंडक्टर न्हय."

पटलं असं मी म्हणणार नाही. आजही पटलेलं नाही.

मात्र त्यांनी एक केलं. पुढच्या सोमवारी देवीला पुन्हा कौल लावला, मोकळं कर म्हणून. या वेळी गाऱ्हाण्यात सगळं नीट घातलं: बायको बरी होईपर्यंत, फक्त रात्रीपुरतं, आयतारी येऊन जाईन. म्हातारा गुरव तर इतकं लांबलचक आणि इतक्या अजिजीनं बोलला, की एखादा वकील बरा. सकाळी लावलेल्या पाकळ्या. मी जेवणाच्या सुट्टीत बँकेतून येऊन बघितलं, हलल्या नव्हत्या. तुळशीबाब गाभाऱ्यासमोर मांडी घालून बसले होते. उन्हं अंगणातून गेली तेव्हा डावी पडली.

मला देवीचा राग आला, आणि तो मी लपवला नाही. गुरवानंही मान वर केली नाही. वाड्यातली माणसं हळहळली. पण त्या हळहळीत थोडी निश्चिंतीही होती, ती मला दिसली. तुळशीबाब जाणार नव्हते, म्हणजे भिंतीचं कोणाला बघावं लागणार नव्हतं. एकानं दिलेल्या शब्दावर सगळा वाडा आरामात झोपत होता.

मग उन्हाळ्याच्या शेवटी कमिटीचे अध्यक्ष एका संध्याकाळी आले. वाईट माणूस नव्हे. त्यांनी आवाज खाली आणून सुचवलं, की कावीच्या भिंतीवरचे नळे फुटले आहेत. कमिटीचं मनुष्यबळ यंदा दुसऱ्या कामात आहे. शाकारणी राहिली, तर एका पावसात पाणी भिंतीत उतरेल आणि चवथीच्या आत ती आपसूक बसेल. शब्द होता भिंत उभी असेपर्यंतचा. कोणी काही मोडायला नको. फक्त काही करायचं नाही.

तुळशीबाब म्हणाले, विचार करतो.

आणि त्यांनी विचार केला. हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतर वाड्यात त्यांचं सोनं करून सांगायला लागले, की त्यांनी अध्यक्षांना उभंच केलं नाही वगैरे. तसं नव्हतं. पुढचे काही दिवस ते वास्कोहून आले की घरी न येता देवळात जायचे. एकदा मी मागून गेले. भिंतीवर जिथे ओल उतरली होती तिथे, वाघाच्या जरा वर, ते तळहात लावून उभे होते. ताप आलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा. एक पावसाळा, आणि ते मोकळे. बायकोच्या उशाशी. मी मनातल्या मनात भिंतीला म्हटलं, पड बाई. कावीचं एवढं कौतुक असलेली मी, पण ते मी म्हटलं.

मिरगाच्या आधी दोन दिवस सकाळी खिडकीतून बघते तर हे शिडी खांद्यावर घेऊन निघालेले. मी धावत गेले. कुरकुरत्या गुडघ्यांनी हा माणूस छपरावर चढणार, आणि खाली धरायला कोणी नाही. शिडी मी धरली. त्यांनी फुटके नळे काढले, नवे लावले, कोन्यात प्लॅस्टिक घातलं. खाली उतरल्यावर त्यांनी हातांची धूळ झटकली.

"भितीचो कितें गुन्यांव?" एवढंच म्हणाले.

त्या पावसात भिंतीवर थेंब आला नाही.

दसरा झाल्यानंतरच्या एका रविवारी पारावर बऱ्यापैकी गर्दी होती. तुळशीबाब डोकी मोजत होते. चढावरून एक गाडी आली, कोणाची तरी उशिरा आलेली असेल असं वाटलं. दामू उतरला. मागून त्यानं चाकाची खुर्ची काढली, उघडली, आणि शालनवयनींना उचलून तीत बसवलं. नवं लुगडं, केसांत अबोली. महिनाभर हट्ट धरला होता, दामू मला म्हणाला, की आयतारच्या ट्रिपला जायचंय म्हणून.

तुळशीबाबांचा हात मोजता मोजता हवेत राहिला. मग त्यांनी काय करावं? त्यांनी वयनींनाही मोजलं. आणि पाराच्या दगडावर दोन टक.

त्या दिवशीची ट्रिप फार हळू झाली. खडीवर खुर्ची अडायची, दोघे-तिघे मिळून उचलायचे. शालनवयनींनी प्रत्येक थांबा पॅसेंजरासारखा नीट ऐकून घेतला. त्यांच्या रोजच्या वाटेवरचीच घरं ती. बल्कांवापाशी तीनशे आणि साठचा पाठभेद झाल्यावर त्यांनी जड जिभेनं सांगितलं, की हे खांब आपण लग्न होऊन आलो त्या वर्षी घातले, गवंड्यांना चहा आपण दिलाय. लोक खो खो हसले. तुळशीबाबही हसले. तिसरा पाठभेद, म्हणाले, आणि पंच वाजवला. त्या हसण्यात दोघं अगदी तरुण दिसली.

भिंतीपाशी पोचलो. हत्ती झाले, मोर झाले, वाघाचं मांजर झालं. दामूनं खुर्ची कोपऱ्याजवळ नेली. तुळशीबाब नेहमीप्रमाणे म्हणाले, ही राणी, राजाला ओवाळायला उभी आहे.

शालनवयनींनी मान पुढे करून त्या बाईकडे निरखून पाहिलं. आम्ही सगळे थांबलो.

"राणी खंयची?" त्या म्हणाल्या. "घोवाची वाट पळयता ती. दिवो पळयात. तेल सोंपत आयलां."

कोणीतरी हसायला तोंड उघडलं आणि मिटलं. नवऱ्याची वाट बघणारी, आणि दिव्यातलं तेल संपत आलेलं. मी भिंतीजवळ गेले. इतक्यांदा बघितलेलं चित्र, पण दिव्याची ज्योत कधी नीट पाहिली नव्हती. खरंच ती अगदी बारीक होती, वातीला टेकलेली. तुळशीबाब तिच्याकडे बघत नव्हते. ते खाली फरशीकडे बघत होते.

शालनवयनींनी चांगला हात पुढे केला आणि भिंतीला लावला, छपराखाली, जिथे पूर्वी ओल होती तिथे. कोरडी होती. छपराची हकिकत त्यांना कोणी सांगितली असेल, मी तरी नाही. त्या म्हणाल्या, "बरी आसा भित. राखा तिका."

दामूची दुपारची पाळी होती. घरी नेऊन चहा तरी पाजावा म्हणून मी पाणी ठेवायला निघाले, तर वयनींनीच नको म्हटलं. घरात गेले तर निघायची नाही, असं म्हणाल्या. त्यांना गाडीत बसवलं. काच खाली होती. तुळशीबाब खिडकीपाशी उभे राहिले. त्यांनी वयनींच्या केसातली अबोली जरा सारखी केली. दामू चावी फिरवून वाट बघत होता. त्यालाही कळत नव्हतं की आपण निघावं कसं. शेवटी तुळशीबाब गाडीच्या मागे गेले आणि डिकीवर पंचानं दोनदा ठोकलं. गाडी निघाली.

माझ्या बदलीचा कागद त्याच वर्षी आला. एक कागद आला आणि मी सुटले. निघताना मला त्या सोपेपणाची लाज वाटली. शेवटच्या रविवारी सामान बांधायचं सोडून मी ट्रिपला गेले. तुळशीबाब आदल्या दिवशी वास्कोला जाऊन आले होते. वयनींचं तसंच आहे, म्हणाले, आधीपेक्षा वाईट नाही. खांबांचे तिन्ही पाठभेद झाले, हत्ती झाले, वाघ झाला. कोपऱ्यातल्या बाईपुढे ते थांबले आणि पंचानं एक टक वाजवली.

"ही बायल घोवाची वाट पळयता," ते म्हणाले.

मी राणीची वाट बघत होते. राजाची, ओवाळण्याची. 'दोनूय दिलीं, बरें दिसता तें घेया' याची. ते काही आलं नाही. मागच्या एका मुलानं विचारलं, की हिच्याबद्दल आणखी काही सांगतात का. तुळशीबाब म्हणाले, ना. मग ते तसेच उभे राहिले, पाठ आमच्याकडे, पंच हातात. ट्रिप संपली होती. खाली स्टँडवर बस लागल्याचा हॉर्न ऐकू आला. पण डबल बेल झाली नव्हती, त्यामुळे आमच्यातलं कोणी हललं नाही.